सकाळी दहाचा फवारा: घाटेअळी, विषाणू आणि हिवाळ्यातलं ऊन

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातलं आहे. गावाचं नाव आणि माणसांची नावं गाळली आहेत. ज्यांच्या वावरात हे घडलं त्यांनी लिहायला होकार दिला तो "पन आमचं नाव नोका टाकू" या अटीवर. मी त्या भागातल्या शेतकरी गटांसोबत काम करतो. या प्रकरणातली पहिली चूक माझी होती, ती पुढे येईलच.

पार्श्वभूमी

सोयाबीन निघाल्यावर तीन एकरांत हरभरा. वाण जॅकी ९२१८, जमीन भारी, विहिरीचं पाणी. घरात वावराचे मालक (त्यांना इथे भाऊ म्हटलंय), त्यांची बायको म्हणजे वहिनी, कॉलेजात जाणारी मुलगी आणि बऱ्याच वर्षांपासूनचा एक सालदार.

या घरात रासायनिक फवारणीची धास्ती आहे आणि तिला कारण आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याच वर्षी सालदाराचा साळा पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, पंप पाठीवर असतानाच चक्कर येऊन पडला होता. तो वाचला, पण वहिनींनी तेव्हापासून घरात सांगून ठेवलंय की जहर लागलंच तर शेवटी, आधी दुसरं काही असेल ते.

म्हणून गटाच्या बैठकीत मी हरभऱ्याचे घाटे, म्हणजे शेंगा, खाणाऱ्या घाटेअळीसाठी एचएएनपीव्हीचं नाव काढलं तेव्हा सगळ्यात आधी वहिनींनीच कान टवकारले. हा घाटेअळीलाच आजारी पाडणारा विषाणू आहे. फवारलेलं पान अळी खाते, विषाणू पोटात जातो, पाच-सात दिवसांत अळी झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि उलटी लटकून मरते. अंगाचं पाणी होतं. माणूस, जनावर, मधमाशी यांना त्याची बाधा होत नाही. कोरोना सरून दोन वर्षं झाली होती, त्यामुळे 'विषाणू' म्हटल्यावर बायका जरा सरसावून बसल्या. "आपल्याले लागला तं?" हा प्रश्न तीनदा आला. शेवटी त्यांची समजूत पटली.

मी एक पत्रक वाटलं. त्यात मात्रा होती, राणीपाल (कपड्यांना चमक देणारी भुकटी) मिसळायची रीत होती, आणि एक ओळ होती: 'फवारणी शक्यतो सायंकाळी करावी.'

अडचण

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारा सापळा) सलग तीन रात्री आठाच्या वर पतंग आले. ओळीत बारीक हिरव्या अळ्या दिसायला लागल्या. वेळ अगदी बरोबर होती, कारण हा विषाणू लहान अळीवरच चांगला चालतो. मोठ्या अळीला मारायला कितीतरी जास्त मात्रा लागते.

भाऊंनी बाटली आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फवारा सुरू केला. दहालाच का? कारण आठपर्यंत पानांवर दव असतं, फवारणीवाला नवाला येतो आणि दुपारी दोनला जातो. गावात फवारणीचं काम असंच चालतं आणि पैसे पंपावर मोजले जातात. राणीपाल टाकलंच नाही. दुकानात नव्हतं आणि 'कपड्याची नीळ औषधात कायले' असं वाटून ते सुटलं. दिवस स्वच्छ होता, आभाळाचा ठिपकाही नाही.

पाचव्या दिवशी भाऊंचा फोन आला. "साहेब, औषध बोगस हाय. अळ्या हिरव्यागार, मस्त खाऊन रायल्या. दुकानदारानं फसवलं."

मी गेलो. तीन एकरांत फिरून लटकलेल्या अळ्या शोधल्या तर धुऱ्यालगतच्या, म्हणजे बांधालगतच्या, बोरीच्या सावलीत पाच-सहा सापडल्या. मोकळ्यात जवळपास काहीच नाही. आधीच्या बारीक अळ्या आता बोटाच्या पेरापेक्षा मोठ्या झाल्या होत्या आणि घाट्याला भोक पाडून डोकं आत घालून बसल्या होत्या. त्याच झाडांवर नवी अंडी फुटून निघालेल्या बारीक अळ्याही होत्या. म्हणजे दोन वयांच्या अळ्या एकाच वेळी.

बांधावर बसून बोलताना शंकांचा ढीग लागला. बाटली दुकानाच्या दर्शनी फळीवर उन्हात होती. आंबेमुळे, म्हणजे हरभऱ्याच्या पानावरच्या आंबट दवामुळे, औषध मेलं असंही कुणी म्हणालं. यात थोडं तथ्य आहे, कारण हरभऱ्याच्या पानावर हा विषाणू इतर काही पिकांपेक्षा कमी चालतो असं आढळलं आहे. पण खरा प्रश्न वहिनींनी विचारला.

"साहेब, कोरोनात तुमीच सांगत होते ना, सामान उन्हात ठेवा, विषाणू मरते म्हून? मंग हा विषाणू काय उन्हात जगते?"

मी गप्प झालो. पत्रकात हेच कारण लिहायचं राहून गेलं होतं.

ऊन नेमकं काय करतं

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचा प्रत्येक निर्णय यावर टेकलेला आहे.

भाऊंचं म्हणणं होतं, "थंडीचं ऊन ते, त्यात काय मरते? मे महिन्यातलं असतं तं मानलं असतं." हा गैरसमज मी खूप ठिकाणी ऐकला आहे. विषाणूला पानावर मारते ती उन्हाची ऊब नव्हे. मारतात ते डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण, आणि ते अंगाला गरम लागत नाहीत. अतिनील किरणांचे तीन पट्टे मानतात. सगळ्यात जहाल पट्टा, यूव्ही-सी, वरच्या ओझोन थरातच अडतो, जमिनीवर पोचत नाही. यूव्ही-ए बहुतेक सगळा पोचतो. मधला यूव्ही-बी, साधारण २८० ते ३१५ नॅनोमीटरचा, थोडाच पोचतो, पण विषाणूचं सगळ्यात जास्त वाटोळं तोच करतो.

विषाणूच्या आत त्याची कुंडली असते. या विषाणूच्या बाबतीत ती डीएनएची असते, कोरोनाच्या बाबतीत आरएनएची. यूव्ही-बीचा किरण डीएनएवर पडला की शेजारशेजारची दोन थायमिन अक्षरं एकमेकांना चिकटतात. वहीची दोन पानं डिंकाने चिकटावीत तसं. अळीच्या पेशीत शिरल्यावर विषाणूला त्या वहीची नक्कल काढायची असते, ती चिकटलेल्या पानापाशी अडते. जिवंत पेशी अशी पानं सोडवून घेऊ शकते, तिच्याकडे दुरुस्तीची सोय असते. पानावर पडून राहिलेला विषाणू म्हणजे नुसती बंद वही, त्याला तिथे दुरुस्ती करता येत नाही. किरण पडत राहिले की चिकटलेली पानं वाढत जातात.

एचएएनपीव्हीचे कण प्रथिनाच्या एका स्फटिकात बंद असतात, एका पेटीत अनेक. ही पेटी त्याला वाळण्यापासून, सडण्यापासून वाचवते आणि अळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसातच विरघळते. पण प्रकाश या पेटीतून आरपार जातो. २०२० साली अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत स्टीलच्या पट्टीवर वाळवलेल्या लाळेसारख्या द्रावणातला कोरोना विषाणू भर उन्हाळ्यातल्या उन्हाइतक्या तीव्र कृत्रिम प्रकाशात साधारण सात मिनिटांत ९० टक्के निकामी झाला होता. आपला पेटीबंद विषाणू इतक्या लवकर जात नाही. पण उघड्या पानावर, स्वच्छ दिवशी, त्याचा जोर तासांच्या आणि दिवसांच्या हिशेबात उतरतो. हाच विषाणू जमिनीत, ऊन लागत नाही तिथे, वर्षानुवर्षं टिकतो.

आता थंडीच्या उन्हाचा मुद्दा. यूव्ही-बी किती पोचेल हे तापमान ठरवत नाही, सूर्य किती वर आहे हे ठरवतं. सूर्य खाली असला की किरणांना हवेतून आणि ओझोनमधून लांबचा रस्ता कापावा लागतो आणि वाटेतच बरेचसे गळतात. आपल्याकडे डिसेंबरअखेर दुपारी बारा-सव्वाबाराला सूर्य क्षितिजापासून साधारण ४६ अंशांवर असतो, म्हणजे आपली सावली जवळपास आपल्याच उंचीची. अंगाला ऊन कोवळं लागतं, पण यूव्ही-बी चांगलाच असतो. सकाळी दहाला सावली दीडपट. चार वाजता ती अडीच पटीच्या वर जाते आणि पावणेसहाच्या आसपास सूर्य मावळतो.

भाऊंनी दहाला फवारलं. पुढचे सहा-सात तास, दिवसातले सगळ्यात कडक, विषाणू पानाच्या वरच्या बाजूला उघडा पडून होता. संध्याकाळी फवारला असता तर सकाळचं ऊन वर येईपर्यंत बारा-चौदा तास अळ्यांच्या तोंडाशी राहिला असता. सगळा फरक या तासांचा. बोरीच्या सावलीतल्या पाच-सहा मेलेल्या अळ्यांचा अर्थ तेव्हा लागला. दुकानातल्या बाटलीचंही उत्तर यातच होतं. अपारदर्शक प्लास्टिकमधून यूव्ही-बी आत जात नाही, त्यामुळे बाटलीला भीती होती ती उष्णतेची, आणि डिसेंबरात ती फारशी नव्हती.

समोरचे पर्याय

वेळ कमी होता. अळी घाट्यात घुसली की रोज नुकसान. त्याच दिवशी दुपारी वहिनींच्या ओसरीत बसून आम्ही चार गोष्टी तोलल्या.

एक, सरळ इमामेक्टीन हे रासायनिक कीटकनाशक मारायचं. खात्रीचं, मोठ्या अळीवरही चालतं. वहिनींचा विरोध, सालदाराचा मौन विरोध.

दोन, निंबोळी अर्क. घरी निंबोळ्या वाळवून ठेवलेल्या होत्या. पण कडुनिंबातलं मुख्य द्रव्य, ॲझाडिरॅक्टिन, तेही उन्हात लवकर खराब होतं. म्हणजे वेळेची अडचण तीच, आणि मोठ्या अळीवर असर कमी. हे सांगितल्यावर भाऊ हसले, "म्हंजे ऊन सगळ्याचंच वैरी हाय काय?"

तीन, काही न करता पक्षी थांबे, म्हणजे पक्ष्यांना बसायला काठ्या, वाढवायचे. ते आम्ही तसेही लावणारच होतो. पक्षी अळ्या खातात आणि रोगट अळी खाल्लेला पक्षी विष्ठेतून विषाणू इकडेतिकडे पसरवतो, हा वरचा फायदा. पण नुसत्या त्याच्यावर भिस्त ठेवण्याची वेळ टळून गेली होती.

चार, विषाणूच पुन्हा, पण संध्याकाळी आणि राणीपाल घालून. इथे सालदाराने तोंड उघडलं. "संध्याकाळी फवारा कोन मारन? डुक्कर मारन काय?" प्रश्न विनोदी होता, पण खरा. अंधार पडला की रानडुकरं उतरतात, साप-विंचू असतात, फवारणीवाला त्या वेळी दुप्पट मागतो. एकरी दहा-बारा पंप धरले तर चार ते सहा या वेळात एका माणसाचा एकच एकर होतो. पत्रकात 'सायंकाळी' लिहिणं सोपं असतं.

काय केलं

शेवटी निर्णय भाऊंनी घेतला आणि तो माझ्या सल्ल्यापेक्षा शहाणा होता. विहिरीकडच्या एका एकरात अळ्या सगळ्यात मोठ्या होत्या, तिथे इमामेक्टीन. तोंडाला मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या, वाऱ्याच्या दिशेने चालणं, हे सगळं वहिनी स्वतः धुऱ्यावर उभ्या राहून बघत होत्या. बाकी दोन एकरांत बारीक अळ्या जास्त होत्या, तिथे विषाणू, दोन संध्याकाळी एकेक एकर.

माणसाचा प्रश्न जागलीने सोडवला. भाऊ आणि सालदार डुकरांसाठी तसेही रोज संध्याकाळी वावरात जागलीला जात. ते दोन तास आधी निघाले, इतकंच. पाण्याचा ड्रम आदल्या रात्री, लाईट रात्रीची असताना, भरून ठेवला.

राणीपालचा एक घोळ झाला तो सांगण्यासारखा आहे. पत्रकात 'नीळ (राणीपाल)' असं लिहिलं होतं. भाऊंनी गावातून निळीच्या पाण्याची बाटली आणली. या दोन वस्तू एक नाहीत. नीळ म्हणजे निळा रंग. राणीपाल म्हणजे कपड्याला चमक देणारं द्रव्य, ते अतिनील प्रकाश शोषून घेतं आणि त्याचा निळसर दिसणारा प्रकाश करून बाहेर टाकतं, म्हणून सदरा पांढऱ्यापेक्षा पांढरा वाटतो. पानावर ते विषाणूच्या वाट्याचे किरण आपल्या अंगावर घेतं. अशा काही चमकद्रव्यांनी अळीच्या आतड्याचं आतलं अस्तर कमजोर होऊन विषाणूला शिरायला सोपं जातं असंही दिसलं आहे. वस्तू खरी आहे की नाही हे आम्ही किराणा दुकानात नोटा तपासायच्या दिव्याखाली बघितलं. भुकटी निळसर पांढरी झळाळली. निळीचं पाणी अंधारातच राहिलं. दुकानदार आमच्याकडे जरा संशयाने बघत होता.

मग आमच्याकडे चालते ती रीत: अर्धा लिटर पाण्यात २०० ग्रॅम राणीपाल कालवायचं आणि ते पाणी फवारणीच्या दर लिटरला १ मिली टाकायचं. थोडा गूळही घातला, अळीने पान आवडीने खावं म्हणून. चार वाजता सुरुवात, नोझल खालून वर धरून, म्हणजे पानाच्या खालच्या बाजूलाही लागावं. तिथे ऊन कमीच पोचतं.

एक काम समांतर चालू ठेवलं. बाटली खरंच बोगस होती का, हे भाऊंच्या डोक्यातून जात नव्हतं. पहिल्या बाटलीचा तळ शिल्लक होता. मुलीने प्लास्टिकच्या २५ डब्या जमवल्या, प्रत्येकीत एकच बारीक अळी, कारण घाटेअळ्या एकत्र ठेवल्या की एकमेकींना खातात. हरभऱ्याच्या फांद्या त्या द्रावणात बुडवून पाण्याच्या ग्लासात उभ्या केल्या. काही फांद्या सावलीत, काही गच्चीवर दहा ते चार उन्हात, आणि काही नुसत्या पाण्यात बुडवलेल्या. मग त्यांची पानं डब्यांत. आठवडाभरात सावलीतल्या १० पैकी ८ अळ्या काळ्या पडून पाणी झाल्या. उन्हातल्या १० पैकी ३. साध्या पाण्याच्या ५ पैकी एकही नाही, पण एक अळी डबी उघडी राहिल्याने पळाली. बाटली बोगस नव्हती. भाऊंनी दुकानदाराला दिलेल्या शिव्या मात्र परत घेतल्या नाहीत.

काय निष्पन्न झालं

इमामेक्टीनच्या एकरात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच अळ्या खाली पडलेल्या दिसल्या. विषाणूच्या दोन एकरांत तीन दिवस काहीच दिसलं नाही आणि ते तीन दिवस माझे फोन वाजत राहिले. चौथ्या दिवशी अळ्या सुस्त झाल्या, खाणं कमी झालं. सहाव्या दिवशी सकाळी मुलीने फोटो पाठवला: शेंड्याला उलटी लटकलेली काळपट अळी, मागे दुसरी, तिसरी. वहिनींनी त्या दिवशी शेजारच्या तीन बायकांना वावर दाखवायला नेलं.

सगळ्या मेल्या नाहीत. आधीच मोठ्या झालेल्या बऱ्याच अळ्या वाचल्या आणि त्यांनी घाटे खाल्ले. जानेवारीत आणखी एक फवारा लागला, तोही विषाणूचाच, संध्याकाळी. त्यात अर्धी भर घरची होती: लटकलेल्या अळ्या चिमट्याने गोळा करून, पाण्यात चुरगळून, फडक्यातून गाळलेलं पाणी. ते दोन दिवस घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं होतं. बाटलीवर मुलीने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'हे ताक नाही.' विषाणू माणसाला काही करत नाही हे खरं, पण सडलेल्या अळीत इतर जिवाणू भरपूर असतात. ती बाटली खाण्याच्या फ्रिजमध्ये नकोच होती. मला उशिरा कळलं.

कोणत्या एकरात किती पिकलं हे सांगता येणार नाही. मळणीयंत्र आलं त्या दिवशी घाई होती आणि तिन्ही एकरांचा माल एकाच ढिगात गेला.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी पत्रक. 'शक्यतो' या शब्दाने पाच दिवस घालवले. शेतकरी 'शक्यतो'चा अर्थ बरोबरच लावतो: जमलं तर. कारण लिहिलं असतं, की दिवसा फवारलं तर ऊन विषाणूला मारतं, तर भाऊंनी फवारणीवाल्याची वेळ बदलली असती किंवा त्या दिवशी फवारलंच नसतं. वहिनींना अर्धं कारण आधीच माहीत होतं, कोरोनाने शिकवलेलं. मी फक्त ते या बाटलीला जोडून द्यायचं होतं.

डब्यांच्या चाचणीत एक खोट राहिली. गच्चीवरच्या फांद्यांना अतिनील किरणांसोबत उष्णताही लागली. एक फांदी खिडकीच्या काचेखाली उन्हातच ठेवली असती तर ते वेगळं करता आलं असतं, कारण साध्या काचेतून ऊब येते पण यूव्ही-बी जवळपास अडतो. मुलीला हे नंतर सुचलं, मला सुचायला हवं होतं. आणि ही चाचणी फवाऱ्याच्या आधी, हंगामाच्या सुरुवातीला करायची असते. आम्हाला निकाल मिळाला तोवर दुसरा फवारा होऊन गेला होता.

विहिरीकडच्या एकराबाबत आमचं अजून एकमत नाही. वहिनी म्हणतात तिथेही विषाणू चालला असता. मला तसं वाटत नाही, अळ्या फारच मोठ्या होत्या.

भाऊंचा एक प्रश्न तेवढा राहिला होता: आभाळ असलं तर दिवसा चालते काय? विदर्भात हा प्रश्न महत्त्वाचा, कारण आभाळ आलं की घाटेअळी वाढते असा सगळ्यांचा अनुभव. पातळ ढगांतून यूव्ही-बी बराच उतरतो, डोळ्यांना अंधारून आलं तरी. म्हणून आभाळातही वेळ तीच, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पटलं की नाही ते कळलं नाही.

पुढच्या रब्बीत मी तिकडून जाताना वावराकडे वळलो. साडेतीन वाजले असतील. सालदार पंप भरून धुऱ्यावर बसला होता आणि भाऊ मोकळ्या जागेत उभे राहून स्वतःची सावली पावलांनी मोजत होते. "दोन मानसं झाली की सुरू करतो," ते म्हणाले. सालदाराने बिडी विझवली. "मालक, तुमची मोजू नोका. माह्यी मोजा, मी बुटका हावो, लवकर होते."

दोघांची सावली दुप्पट एकाच वेळी होते हे मी सांगितलं नाही. तसंही तोवर झालीच होती.